टॉवेलवरचं नॅनो सिल्व्हर धुण्यात टिकतं का?

टॉवेलवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी, सोलापूरला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. एक जण नॅनो सिल्व्हरचं (वास आणणारे जंतू मारणाऱ्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं) फिनिश, म्हणजे कापडावर द्यायचा थर, घेऊन आलाय, म्हणतो ५० धुण्यांपर्यंत ओल्या टॉवेलला कुबट वास येणार नाही. सॅम्पल घरी रोज धुऊन दोरीवर टाकलं, दहा-बाराव्या धुण्यानंतर परत तोच वास. जिमवाल्यांना माल द्यायचाय, त्यांना खोटं सांगायचं नाहीये. नक्की प्रकार काय आहे हा?

प्रोसेसवाले_काका:
भाऊ, चांदी सुताला आपणहून घट्ट धरून बसत नाही, तिला बाइंडर, म्हणजे कापडाला चिकटवून ठेवणारं केमिकल, धरतो. केमिकलच्या पाण्यात कापड बुडवून मँगलमधून, म्हणजे दाबणाऱ्या रोलरांमधून, पिळतात, वाळवतात आणि मग स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून धरून तापवणाऱ्या मशीनवर, १५० डिग्रीच्या आसपास पक्कं करतात. बाइंडर कमी पडला किंवा कापड नीट तापलं नाही की चांदी धुण्यात निघून जाते, आणि बाइंडर जास्त झाला तर टॉवेल कडक होतो, पाणीच टिपत नाही, मग त्याला टॉवेल तरी कशाला म्हणायचं. त्याच्याकडे २० धुण्यांनंतरचा लॅब रिपोर्ट माग, कोऱ्या कापडाचा नको.

रेणू_वाचते:
काका बरोबर बोलतायत. २००८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत नॅनो सिल्व्हरचे मोजे नुसत्या पाण्यात धुऊन बघितले होते, चारच धुण्यांत काहींची जवळपास सगळी चांदी गेली आणि काहींची १ टक्कासुद्धा नाही! म्हणजे चांदी आहे की नाही यापेक्षा ती कशी बसवलीय ते महत्त्वाचं. आणि गेलेली चांदी गटारातून नदीतच जाते ना, तिथल्या जिवांना ती घातक असते, त्यामुळे टिकत नसेल तर ते फिनिश लावूच नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

सर्किट_सचिन:
आमच्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये धुण्यात चांदी जाण्याचा हाच त्रास झाला. ईसीजी घेणाऱ्या बनियनमध्ये चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन धागा शिवला होता, पहिल्या दिवशी मल्टिमीटरवर रीडिंग एकदम मस्त, पण धूत गेलो तसा धाग्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढत गेला आणि शेवटी हृदयाचे ठोके सोडून नुसता नॉइजच, म्हणजे फालतू सिग्नलच, दिसायला लागला.

टॉवेलवाला_सोलापूर:
खूप आभार सगळ्यांचे. त्याला फोन केला, २० धुण्यांनंतरचा रिपोर्ट मागितला, तर म्हणाला "बघतो". तोवर ऑर्डर साध्याच टॉवेलची घेतोय.