अनुभव धागा: निकाल कळू न देता रेकॉर्ड केलेली मॅच बघणं

ड्युटी, प्रवास, लग्नकार्य, नाहीतर परदेशातलं घड्याळ. कारण काहीही असो, मॅच चालू असताना बघता येत नाही. रेकॉर्ड करून ठेवता येते, पण निकाल फुटला की तिच्यातला निम्मा जीव जातो. उंच उडालेला चेंडू हातात विसावणार की सीमापार जाणार, हे फलंदाजालाही ठाऊक नसतं आणि मलाही. मला त्याच्यासाठीच मॅच बघायची असते, आणि पहिल्या चेंडूपासून. हायलाइट्सनं माझं भागत नाही.

तुम्ही निकालापासून स्वतःला कसं वाचवलंत? कुठून तो फुटला? सविस्तर लिहा.

सिॲटल

23 ऑक्टोबर 2022, मेलबर्नची भारत-पाकिस्तान मॅच. आमच्याकडे ती रात्री एकला सुरू होणार होती आणि त्याच रविवारी सकाळी मंडळाची दिवाळी. फराळाची जबाबदारी माझ्यावर, त्यामुळे जागणं शक्य नव्हतं. हॉलमध्ये शिरण्याआधी नवऱ्यानं पुढे जाऊन सगळ्यांना बजावलं, "हिनं बघितलेली नाही, कुणी काही बोलू नका." मोठ्यांनी शब्द पाळला. पण चकल्यांच्या टेबलापाशी एक मुलगा मित्राला सांगत होता, "कोहलीनं सरळ समोर कसला सिक्स मारला!" तेवढं कानावर पडलं आणि मी तिथून निघाले.

दुपारी मॅच लावली. 160चं लक्ष्य, आणि आपले 31 वर 4 बाद. तो सिक्स कधी येतो याची वाट बघत बसले. 8 चेंडूंत 28 हवे असताना हारिस रौफला तो बसला आणि मी ओरडले, "हाच तो!" पुढच्याच चेंडूवर फाइन लेगवरून आणखी एक. त्यानंतर मात्र मला काहीच माहीत नव्हतं. शेवटच्या षटकात 16 हवे. पहिल्याच चेंडूवर हार्दिक बाद, मग नो-बॉलवर सिक्स, फ्री हिटवर त्रिफळा उडूनही तीन बाय, कार्तिक यष्टिचीत, अश्विननं सोडून दिलेला तो वाइड... सगळं उभ्यानं बघितलं. त्या मुलानं सिक्स सांगितला, निकाल नाही, याबद्दल त्याचे आभार.

धागाकर्ती

आणि स्क्रीनच्या खालच्या पट्टीचं काय? किती वेळ उरलाय हे तिथे दिसतं. शेवटची विकेट पडायला आली आणि पट्टी अजून लांब असली, की समजायचं ते समजतंच.

सिॲटल

जाड कागद चिकटवला होता. नवऱ्यानं लावून दिल्यावर रिमोटला हातच लावला नाही.

लंडन

ब्रिस्बेनचं गॅबा मैदान, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा शेवटचा दिवस, 19 जानेवारी 2021. आमच्याकडे खेळ मध्यरात्री सुरू होऊन सकाळी साडेसातच्या सुमारास संपला. मी झोपलो होतो. लॉकडाउनमुळे काम घरूनच, म्हणून फोन खणात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत निभावलं. तेवढ्यात लँडलाइनवर आईचा फोन. "मी काही सांगणार नाही हो, तू आधी बघून घे," एवढंच म्हणाली. पण तो आवाज! अॅडलेडला 36 वर गडगडलो त्या दिवशीही ती माझ्याशी बोलली होती, त्यामुळे फरक मला लगेच कळला.

तरीही सांगतो, फार बिघडलं नाही. हरलेलो नाही एवढंच समजलं होतं, आणि कसोटीत ड्रॉची जागा असते. चहापानाला 3 बाद 183, अजून 145 हवेत. पुजारा अंगावर चेंडू झेलत उभा, समोर पंत. पोटात गोळा होताच. ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर 1988 नंतर हरलेली नव्हती. मला ड्रॉसुद्धा गोड वाटला असता. पंतनं हेझलवूडला तो शेवटचा चौकार मारल्यावर आईला फोन लावला. बोलणं दोघांनाही सुचेना.

पुणे

19 नोव्हेंबर 2023, विश्वचषकाची फायनल. दिवसभर बसमध्ये, फोन बंद, कानात गाणी. घरी मॅच रेकॉर्ड होत होती. रात्री दहाला उतरलो तर एक फटाका नाही. रिक्षा स्टँडवर माणसं होती, बोलत कुणी नव्हतं. सलग दहा मॅचेस जिंकून आपण फायनलला गेलो होतो. रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

नाशिक, स्टाफ नर्स

महिला विश्वचषकाची फायनल, 2 नोव्हेंबर 2025. मला नाइट. वॉर्डातल्या मावशींना सांगून ठेवलं होतं. बाराच्या सुमारास फटाके वाजले, तेव्हा मावशीच म्हणाल्या, "सिस्टर, तुळशीच्या लग्नाचे असतील." किती जपलं त्यांनी मला! सकाळी स्टॉपवर पेपरवाल्याकडे पाठ करून उभी राहिले. रिक्षात बसले आणि दादा म्हणाले, "ताई, पोरींनी कप आणला!" त्यांचा चेहरा इतका फुलला होता की रागावता येईना.

घरी जाऊन सगळी बघितली. जिंकलोय हे माहीत असूनही दक्षिण आफ्रिकेची कर्णधार वोल्वार्ट 101 वर असताना तिचा झेल अमनजोतच्या हातातून उसळला, पुन्हा उसळला, तेव्हा मी पलंगावरून उठले होते.

ठाणे

14 जुलै 2019. एकाच संध्याकाळी विम्बल्डनची फायनल आणि लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाची, इंग्लंड-न्यूझीलंड. घरात टीव्ही एक, बायको फेडररची भक्त. म्हणून टेनिस लाइव्ह, क्रिकेट सेट-टॉप बॉक्समध्ये. भारत सेमीफायनललाच बाहेर पडल्यामुळे सोसायटीत सामसूम होती, निकाल कळण्याची भीती नव्हती. जोकोविचनं पाचवा सेट 13-12 घेतला, ती न जेवता झोपायला गेली आणि मी लॉर्ड्स लावलं. पहाटे, इंग्लंडला अजून धावा हव्या असताना रेकॉर्डिंग संपलं! बॉक्स ठरलेल्या वेळेला थांबला होता, मॅच सुपर ओव्हरपर्यंत गेली होती.

निकाल न बघता तसाच पडून राहिलो. सकाळी पेपर बायकोनं लपवून ठेवला, आणि पुनःप्रक्षेपणात स्टोक्सच्या बॅटला लागून गेलेला तो ओव्हरथ्रो आम्ही दोघांनी मिळून बघितला. तेव्हापासून मॅचच्या पुढचे दोन कार्यक्रमही रेकॉर्डला लावतो. सगळ्यांनी लावा.