कार्डाच्या फ्रंट पॅनेलवर नक्षी करायचीय, अॅल्युमिनियम घ्यावं की पीसीबी (सर्किट बोर्ड)?

कोरीपट्टी:
मंडळी, सल्ला हवाय. रॅकमध्ये सरकवायची 3यू (रॅकमधल्या उंचीचं माप) इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवतोय, पुढची पट्टी 128.5 मिमी उंच आणि 4 एचपी (रुंदीचं माप) म्हणजे साधारण 20 मिमी रुंद. त्यावर एक यूएसबी-सी, काही एलईडी आणि रिसेट बटण, संपलं, बाकी सगळी पट्टी मोकळी आणि ती दिसते अगदीच ओकीबोकी. डोक्यात असं आहे की वरपासून खालपर्यंत एक वेल आरपार कापायची, आतून उजेड दिसेल. काळं अॅनोडाइझ केलेलं (वर ऑक्साइडचा रंगीत थर दिलेलं) अॅल्युमिनियम बरं की पीसीबीचंच पॅनेल? आणि अशी कार्डं शेजारी शेजारी लागणार तर नक्षी सगळ्यांवर मिळून सलग दिसेल का?

खडखडाट:
आरपार सलग वेल अजिबात नको. फट कितीही बारीक असली तरी लांबी मोजतात, रुंदी नाही. 100 मिमीची फट 1.5 गिगाहर्ट्झच्या आसपास मस्त अँटेना होते (अर्धी वेव्हलेंग्थ तेवढीच भरते), मग आतला गोंगाट बाहेर आणि बाहेरचा आत. त्यापेक्षा वेलीची सुटी पानं कर, मध्ये धातू शिल्लक ठेव, एकेक पान 5 मिमीच्या आत. जाळी तशीच असते म्हणून चालते. आणि अॅनोडाइझचा थर वीज वाहू देत नाही हे बहुतेक जण विसरतात, स्क्रू आणि रॅकची पट्टी जिथे टेकते तिथे मास्किंग करून धातू उघडा ठेवायला सांग, नाहीतर पॅनेल दिसायला झकास पण ग्राउंडला जोडलेलंच नाही.

तांबडामुलामा:
मी पीसीबीच्या बाजूने. कारण त्यात रंग फुकट मिळतात. काळा सोल्डरमास्क (बोर्डावरचा रंगीत लेप) घेतलास तर खाली तांबं आहे तिथे एक छटा, नाही तिथे दुसरी, मास्क काढून तांबं उघडं ठेवलं की ईएनआयजी फिनिशमध्ये (तांब्यावर निकेल आणि सोन्याचा पातळ मुलामा) सोनेरी, वर पांढरं सिल्कस्क्रीन (छापलेली अक्षरं, रेषा). उजेडासाठी कापायचंच नाही, दोन्ही बाजूंचं तांबं आणि मास्क काढ, नुसतं एफआर4 (बोर्डाचं मूळ काचतंतूंचं साहित्य) उरतं त्यातून पिवळसर मऊ उजेड येतो, भोकातून एलईडी डोळ्यात घुसतो तसा नाही. चित्र एसव्हीजीमध्ये (रेषांच्या चित्राची फाइल) काढून कायकॅडमध्ये (बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर) आण. फक्त सिल्कच्या रेषा 0.15 मिमीपेक्षा बारीक नकोत, मधेच तुटतात, वेलीचे तंतू वगैरे तांब्यातच काढ तिथे कडा जास्त स्वच्छ येते.

कोरीपट्टी:
अरे वा, म्हणजे पीसीबीत आरपार कापणंच नाही, तर वेल सलग ठेवता येईल ना?

खडखडाट:
नाही रे बाबा. डोळ्याला बंद दिसतं पण जिथे तांबं नाही तिथे रेडिओ लहरींना ते भोकच. तोच नियम, पानं सुटी. देठ सोनेरी तांब्यात काढ आणि पानांतून उजेड, वेल सलगच वाटेल. मागच्या बाजूला पानं सोडून बाकी सगळीकडे तांबं ओतून ठेव, मास्क काढून, स्क्रूच्या भोकांपाशी शॅसीला (रॅकच्या धातूच्या सांगाड्याला) टेकेल असं.

मधलीखाच:
सलग नक्षीबद्दल. 4 एचपी म्हणजे 20.32 मिमी, पॅनेल त्याहून थोडं कमी करतात, शिवाय स्क्रूला खेळ असतो, त्यामुळे दोन पट्ट्यांमध्ये फट पडणार आणि एखादी पट्टी वरखाली बसणार. सांध्यावरून आडवी सरळ रेष नेलीस तर तेवढंच डोळ्यात खुपेल. सांधा तिरक्या देठाने ओलांड किंवा प्रत्येक पॅनेलवर तोच तुकडा असा काढ की डावीउजवी कड जुळते, मग कार्डांची अदलाबदल केली तरी बिघडत नाही. हे दुसरं मला जास्त पटतं, कारण कार्ड उद्या नक्की हलवणार तू.

आणि यूएसबी-सी भोवती नक्षी आखताना सॉकेटचं नाही, केबलच्या प्लगचं माप धर. सॉकेट जेमतेम 9 बाय 3.3 मिमी पण प्लगची प्लास्टिकची मूठ 12.35 बाय 6.5 पर्यंत असू शकते, केबल लावली की तिच्याखालचं फूल गायब. एलईडीची नावं तर नक्षीपासून लांबच ठेव, रॅकसमोर वाकून अंधारात वाचणारा माणूस तुला शिव्या घालेल.

कोरीपट्टी:
ठरलं, पीसीबी, काळा मास्क, सुटी पानं, एकच तुकडा सगळ्यांवर. रिसेटचं बटण फुलाच्या मध्यात ठेवलं तर चालेल का?

मधलीखाच:
छान दिसेल पण दिसतंय म्हणून कुणीतरी दाबेल. बटण आत खोल बसव, पिनेनेच दाबता येईल असं.