टेराग्रॅमला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरकरीण: भातशेतीवरच्या एका पुस्तिकेचं इंग्रजीतून मराठी करतेय. 'जगातल्या भातखाचरांतून वर्षाला सुमारे ३० टेराग्रॅम मिथेन' असं वाक्य आलं. मी 'तीन कोटी टन' लिहिलं, तपासणाऱ्या सरांनी खोडून 'तीस लाख' केलं. कोण बरोबर? आणि टेराग्रॅमला शब्द काय?

चिक्कोडीचा ऊसवाला: तुम्हीच की हो! टेराग्रॅम म्हणजे एकावर बारा शून्यं ग्रॅम. टनात दहा लाख ग्रॅम, सहा शून्यं गेली. उरले दहा लाख टन. गुणिले तीस. सरांनी दहा लाखाचा एक लाख केला असणार.

टिळकवाडीकर: शब्द आहेत, वापरत नाही हे आपलं दळिद्र. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म. बारा शून्यांचं महापद्म. '३० महापद्म ग्रॅम' लिहा.

निपाणकर: आणि वाचणार कोण? हिंदीतला खरब शंभर अब्जांचा, आपला खर्व दहा अब्जांचा. इथं घरात मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी. '३० दशलक्ष टन' म्हणा. तेही 'मेट्रिक टन'. जुना इंग्रजी टन १०१६ किलोचा, अमेरिकी ९०७ चा.

चिक्कोडीचा ऊसवाला: दशलक्ष फक्त पेपरात. आणि मेट्रिक कोण म्हणतंय? काट्याच्या पावतीवर १८.४५० छापतात, आम्ही 'अठरा टन साडेचारशे' म्हणतो. पॉइंट वाचला की आमचे अप्पा चिडायचे. "किलोत सांग, पॉइंट काय खायचाय?"

टिळकवाडीकर: टन तरी आपला कुठं? आपली खंडी होती, वीस मणांची.

निपाणकर: ती आपली कशावरून? कन्नडात खंडुग आहे, वीस कोळगांचा. मला तर वाटतं तिकडूनच आली.

टिळकवाडीकर: इकडून तिकडे गेली असेल! असो, एक सीमावाद पुरे.

चिक्कोडीचा ऊसवाला: खंडी म्हणजे नुसते वीस हो. धनगर 'दोन खंडी मेंढरं' म्हणाला की चाळीस. मेंढरं काय मणावर मोजतात?

खानापूरकरीण: पुस्तिका उद्या छापायला जाते. सर आता म्हणतात, टेराग्रॅमच राहू दे, कुणी मोजत बसणार नाही.

निपाणकर: ते असू दे. तुमच्या खानापुरात भाताची खंडी किती पायल्यांची धरतात?