काकाच्या कॉम्प्युटरले ताप (वरुडवाले परिवार ग्रुप)

प्रमोद काका: त्या कॉम्प्युटरले काय झालं कोणी सांगन का? उघडला का उजव्या कोपऱ्यात लाल चौकट येते. पाच व्हायरस सापडले म्हणते. एक घालवली का दुसरी हजर. पिंकीच्या फॉर्मची आज शेवटची तारीख आहे.

प्रमोद काका: दुकानवाला 1,800 चा अँटीव्हायरस टाका म्हणून रायला. टाकू का?

शीला काकू: मी बाजूच्याच खोलीत आहो. ग्रुपवर लिहिण्यापेक्षा हाक मारली असती. चहा थंडा झाला.

बाळू: काका, संत्र्यावर मारता ते मारा ना थोडं 😂

मोठे बाबा: घेतला तवाच म्हटलं होतं. विहिरीवरच्या मोटरले पैसे नोयते. कॉम्प्युटरले होते.

प्रमोद काका: दादा, मोटरचा विषय इथं नको.

जवाईबापू: सर्वांना नमस्कार. क्विक हील घ्या. पुण्याची कंपनी आहे, कैलाश काटकर या आपल्या मराठी माणसाने उभी केलेली. परदेशी कंपन्यांना पैसे कशाला?

गोलू: काका थांबा. काहीच विकत घेऊ नका. ती चौकट क्रोमची नोटिफिकेशन असन. एखाद्या साइटनं विचारलं असन अन् तुम्ही 'अलाऊ' दाबलं असन. आता तेच लोक भेव दाखवून औषध विकतात.

बाळू: कोणत्या साइटवर गेल्ते काका? 🤭

प्रमोद काका: संत्र्याचे भाव पाहत होतो.

बाळू: रात्री साडेअकराले?

शीला काकू: बाळू.

गोलू: क्रोममधी वर उजवीकडं तीन टिंबं आहेत. तिथून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. अनोळखी नावं दिसतील, सगळी ब्लॉक करा. चौकटीवर मात्र क्लिक करू नका, अन् तिच्यात फोन नंबर असला तर लावू नका.

जवाईबापू: क्विक हील घ्या. पुण्याची कंपनी आहे.

मीना आत्या: आमच्या इथं कॅस्परस्की आहे. काही तक्रार नाही बाप्पा.

जवाईबापू: आत्या, ते रशियाचं. अमेरिकेने 2024 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

मोठे बाबा: बांगलादेशानं संत्र्यावर ड्युटी वाढवली तवा या ग्रुपवर कोणी बोललं नाई. अमेरिकेची भलती फिकर.

गोलू: जीजाजी, क्विक हील वाईट नाही. पण विंडोजमधी डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस फुकटच येते, घरच्या वापराले पुरते. काका, स्टार्टमधी 'विंडोज सिक्युरिटी' लिहा. काय दिसते?

प्रमोद काका: लाल फुली. दुसऱ्याच कंपनीचं नाव आहे. मुदत संपली म्हणते.

गोलू: घेतला तवा सोबत आलेला असन तो. मुदत संपली, पण जागेवरून उठला नाही. त्याले अनइन्स्टॉल करा अन् रीस्टार्ट करा, डिफेंडर आपोआप चालू होते. त्याच्यावर आणखी एक नका टाकू. दोघं एकमेकाले अडवतात अन् मशीन हळू होते.

मोठे बाबा: पोट्टं बरोबर म्हणते. दोन औषधं एकाच पंपात घातले का फवारा फाटते.

जवाईबापू: आम्हीही आयटीतच आहोत बरं का. फुकटचं ते फुकटचंच. मराठी माणसाची कंपनी आहे म्हणून सुचवलं.

शीला काकू: जवाईबापू, तुमचं म्हणणं आलं ध्यानात. तीनदा आलं.

बाळू: 😂😂

मीना आत्या: बाळू, तू कायले हसतं? तुह्याच नंबरवरून सगळ्याईले 'लग्नपत्रिका' आली होती ना? कोणाचं लग्न होतं?

बाळू: आत्या तो विषय झाला.

मीना आत्या: झाला कसा? मामंजींनी दाबली होती ती.

गोलू: ती .एपीके फाइल होती आत्या. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफमधी येते, एपीके म्हणजे फोनमधी ॲप घुसवणं. ते ॲप एसएमएस वाचते, म्हणजे ओटीपी त्याच्या हातात. पैसे गेले असन तर लगेच 1930 ले, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनले फोन.

बाळू: गेले नाई. जाहीर करायची गरज नोयती.

*बाळू यांनी एक मेसेज डिलीट केला*

मोठे बाबा: काय लिहिलं होतं रे?

गोलू: काका, आता विंडोज की अन् आर संगं दाबा, 'विनव्हर' (winver) लिहून एंटर मारा. 10 आहे का 11?

प्रमोद काका: 10.

गोलू: मग खरी अडचण ती आहे. विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ले बंद झाले. नाव नोंदवलं तर वर्षभराची वाढीव मुदत होती. डिफेंडरले नव्या व्हायरसची यादी भेटत राहते, पण विंडोजमधी जे भोक सापडन ते बुजत नाही. कोणताबी अँटीव्हायरस टाका, ते भोक राहतेच. मशीन 11 ले चालते का ते पाहा. 1,800 तिकडं लावा.

जवाईबापू: हे मात्र बरोबर बोलला.

मोठे बाबा: नाईतर मोटरले लावा.

प्रमोद काका: दादा 🙏

पिंकी: बाबा, फॉर्म मी कालच सेतूवर भरला. जेवताना सांगितलं होतं तुम्हाले.

प्रमोद काका: पावती?

पिंकी: त्यांच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हमधी घेतली. टीव्हीपाशी ठेवला आहे.

गोलू: काका, सेतूवर दिवसभर शंभर जणांचे पेनड्राइव्ह लागतात. डिफेंडर चालू होईस्तोर तो लावू नका.

प्रमोद काका: लावला.