मदत हवी आहे : ठासणीच्या रायफलसाठी परवडणारा आणि भरवशाचा स्कोप

रानवाट :
नमस्कार. हरणांचा हंगाम तोंडावर आला आहे आणि माझ्या ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरायच्या) रायफलवरील स्कोपवर, म्हणजे नेम धरण्याच्या दुर्बिणीवर, आता विसंबता येत नाही. शंभर यार्डांवर नेम अचूक बसवला, तरी थोडे बार झाले की गोळ्या उजवीकडे सरकू लागतात. दोनशे डॉलरच्या आत बसेल आणि धक्का सहन करील असा स्कोप कृपया सुचवावा. हाताशी वेळ कमी असल्याने नेमके नाव सांगितल्यास उपकार होतील.

मिशिगनवासी :
नाव सांगण्यापूर्वी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. रायफल कोणती, दारू किती भरता, शिकार जास्तीत जास्त किती अंतरावर करता, राज्य कोणते, आणि स्कोप ज्या कड्यांत बसवला आहे ती कडी कुठून घेतली? यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

चकमक :
मी पेनसिल्व्हेनियात राहतो. आमच्याकडे नाताळानंतरच्या ठासणीच्या हंगामात केवळ चकमकीच्या बंदुका चालतात आणि त्यात दुर्बिणीला परवानगीच नाही. नळीवरची मागची खाच आणि पुढची माशी जुळवून नेम धरण्याचा मनापासून सराव केला, तर जंगलातल्या अंतरासाठी स्कोपची गरज भासत नाही, असे माझे ठाम मत आहे. हे दोनशे डॉलर दारू आणि गोळ्यांवर खर्च करावेत.

डेन्व्हरकर :
राज्याचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात स्कोप चालत नाही, तसेच दारूच्या तयार वड्या (पेलेट) आणि प्लॅस्टिकच्या सॅबोतल्या (गोळीभोवतीच्या आवरणातल्या) गोळ्याही चालत नाहीत. नियम न पाहता खरेदी केल्यास पैसे वाया जातील.

रानवाट :
राज्य ओहायो असून येथे स्कोपला परवानगी आहे, हे मी आधीच पाहिले आहे. रायफल सीव्हीए ऑप्टिमा, .50 कॅलिबरची. पन्नास ग्रेनच्या (ग्रेन हे दारू-गोळीच्या वजनाचे माप) दोन पेलेट आणि सॅबोतली 250 ग्रेनची गोळी वापरतो. सोयाबीनच्या शेताच्या कडेला बसतो, त्यामुळे दीडशे यार्डांपलीकडे बार टाकण्याचा प्रश्न येत नाही. कडी स्कोपसोबतच मिळाली होती. चकमक यांच्या सूचनेचा आदर आहे, परंतु संध्याकाळच्या प्रकाशात माशी मला स्पष्ट दिसत नाही.

मिशिगनवासी :
आता बोलता येईल. या अंतरासाठी व्होर्टेक्स क्रॉसफायर टू, 2-7x32 (दोन ते सात पट मोठे दाखवणारा, पुढचे भिंग 32 मिलिमीटरचे) किंवा 3-9x40, यांपैकी कोणताही घ्यावा. डोळा स्कोपपासून पावणेचार इंचांच्या आसपास दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते. ठासणीच्या रायफलमध्ये ही बाब भिंगाच्या दर्जाइतकीच महत्त्वाची आहे, कारण अंतर कमी पडले तर स्कोपची कड भुवईवर आदळून रक्त निघते. मला स्वतःला 2-7 अधिक पसंत आहे, कारण झाडीत दुपटीच्या भिंगातून हरीण चटकन सापडते.

जुनाजाणता :
मिशिगनवासी यांच्याशी मी सहमत नाही. ल्यूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम 3-9x40 सुमारे तीन औंसांनी हलका आहे, आणि धक्क्याने कडी सरकण्याचा प्रश्न असेल तर वजन जितके कमी तितके चांगले. नवा घेतल्यास तो दोनशेच्या वर जाईल, पण वापरलेला मिळू शकतो. ल्यूपोल्डची आजीवन हमी पहिल्या मालकापुरती मर्यादित नाही.

मिशिगनवासी :
व्होर्टेक्सची हमीही तशीच आहे. हंगाम तोंडावर असताना वापरलेल्या मालाच्या शोधात फिरायला लावणे मला योग्य वाटत नाही. संध्याकाळच्या प्रकाशाबद्दलही सांगतो : 40 मिलिमीटरचे भिंग नऊपट केले की डोळ्याकडे येणारी प्रकाशाची तबकडी साडेचार मिलिमीटरपेक्षा कमी उरते, तर तेच चौपट ठेवले की दहा मिलिमीटर होते. ओहायोत सूर्यास्तानंतर अर्धा तासच बार टाकता येतो. तेवढ्या वेळेपुरते भिंग कमी पटीवर आणले तरी पुरते.

कोकणपट्टी :
थोडी वेगळी शंका आहे. आमच्या सिंधुदुर्गातील घरी आजोबांच्या नावे शेतीसंरक्षण परवान्यावर ठासणीची बंदूक होती. अशा बंदुकीवर स्कोप बसवता येतो का?

डेन्व्हरकर :
भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि परवान्याच्या अटी निराळ्या आहेत. कृपया स्वतंत्र धागा काढावा, म्हणजे जाणकार तिथे उत्तर देतील.

रानवाट :
मूळ विषयाकडे येतो. काही स्कोपमध्ये खाली लहान वर्तुळे असतात, लांबच्या अंतरासाठी. ती घ्यावीत का?

मिशिगनवासी :
आपल्याला त्यांची गरज नाही. ही वर्तुळे ठरावीक वेगाच्या गोळीसाठी आखलेली असतात आणि प्रत्येकाची दारू व गोळी निराळी असते. शंभर यार्डांवर गोळी दोन इंच वर बसेल असा नेम ठेवा. आपल्या भरणीत ती दीडशेवर साधारण दीड ते दोन इंच खाली लागेल, म्हणजे हरणाच्या छातीच्या मध्यावर नेम धरला तरी पुरे. मात्र प्रत्येक बारानंतर ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने नळी पुसा. काजळी साचलेल्या नळीतून गोळ्या भरकटतात आणि दोष विनाकारण स्कोपवर जातो.

जुनाजाणता :
यावर मात्र मी पूर्ण सहमत आहे, आणि आणखी एक गोष्ट तपासावी. कडी सैल करून स्कोपच्या नळीकडे उजेडात पाहा आणि काय दिसते ते कळवा.

रानवाट :
पाहिले. पुढच्या कड्याच्या अगदी पुढे नळीवर तांदळाच्या दाण्याएवढी चकचकीत घासलेली रेघ आहे. कड्याच्या आतला रंगही एका बाजूने उडाला आहे.

जुनाजाणता :
तर मग स्कोप धक्क्याने पुढे सरकत आहे. रायफल मागे येते आणि तो जागेवरच राहू पाहतो. नवा स्कोप याच कड्यांत बसवला तर तोही सरकेल. ऑप्टिमाच्या छिद्रांना जुळणारा चांगला एकसंध बेस (रायफलवर बसणारी, कडी धरणारी पट्टी) आणि मजबूत कडी आधी घ्या. बेस, स्क्रू आणि स्कोपची नळी अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढा, बेसच्या स्क्रूंना निळे लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावा आणि कड्यांचे स्क्रू टॉर्क रेंचने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) 15 ते 18 इंच-पौंडांवर आवळा. त्यानंतर आहे तोच स्कोप चौकोनी चाचणीवर घ्या : एक बार टाका, मग स्कोपवरच्या नेम सरकवण्याच्या गुंड्या 20 क्लिक उजवीकडे, 20 वर, 20 डावीकडे, 20 खाली असे फिरवत प्रत्येक टप्प्यावर एकेक बार टाका. शेवटची गोळी पहिल्या भोकाशेजारी आली, तर स्कोप बदलण्याची गरज नाही. भरकटली, तर मिशिगनवासी यांनी सांगितलेला 2-7 मागवा. या वेळी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

रानवाट :
आपणा सर्वांचे आभार. बेस आणि कडी आजच मागवतो. चाचणीचा निकाल याच धाग्यात लिहीन.