मालिकेच्या विकीवरील विश्लेषण लेख कुठे ठेवावेत? : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सानेकाकू (ए-302): नमस्कार. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेच्या आपल्या विकीवर, म्हणजे आपण सर्वांनी मिळून लिहायच्या संकेतस्थळावर, शेवंता या पात्राविषयी मी लिहिलेला विश्लेषण लेख काल रात्री कोणीतरी परस्पर तिच्या मुख्य पानात घातला आहे. गणेशोत्सवाच्या बैठकीत काय ठरले होते, ते सर्वांना आठवत असेलच. एका शब्दाने विचारले असते, तरी मला इतके वाईट वाटले नसते.

जोशीसर (बी-104): तो मी घातला, आणि विचारपूर्वक घातला. वाचकाला एका पात्राविषयी सर्व काही एकाच पानावर मिळाले पाहिजे.

निनाद (सी-501): सर, तिसऱ्या पर्वात शेवंतेची भूमिका अपूर्वा नेमळेकर यांच्याकडून कृतिका तुळसकर यांच्याकडे गेली, ही पडताळता येणारी नोंद आहे, तीत चूक आढळल्यास कोणीही दुरुस्त करावी. शेवंता खलनायिका की अण्णांच्या, म्हणजे लोकांच्या जमिनी बळकावणाऱ्या वाड्याच्या मालकाच्या, सत्तेची बळी, हा मात्र युक्तिवाद आहे आणि त्यातले एखादे वाक्य दुसऱ्याने बदलले, तर सगळी मांडणीच ढासळते. विकिपीडियावर स्वतःचे संशोधन मांडण्यास मनाई असल्यामुळे असे लेख तिथे टिकत नाहीत. आपल्याकडे ते टिकू शकतात, म्हणून त्यांना स्वतंत्र पान हवे.

सानेकाकू (ए-302): शिवाय मजकूर कापून चिकटवल्यामुळे त्या पानाच्या बदलांच्या इतिहासात लेखक म्हणून जोशीसरांचे नाव दिसत आहे. हे मी फक्त लक्षात आणून देते.

जोशीसर (बी-104): नावाची हाव मला नाही, काकू. वाचकाला एका पात्राविषयी सर्व काही एकाच पानावर मिळाले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

परबकाका (ए-101): मग त्याच पानावरचे मालवणी संवाद प्रमाण मराठीत कोणी ‘सुधारले’, तेही कळू द्या. सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेल्या मालिकेतील माणसे पुण्याची भाषा बोलत नव्हती.

कुलकर्णीकाका (बी-203): परबसाहेब, मालिकेतली मालवणीसुद्धा सर्वांना समजेल इतपत सौम्य केलेली होती, हे आपणही मान्य कराल.

परबकाका (ए-101): सौम्य असेल, पण होती मालवणीच. संवाद उद्धृत करायचा, तर पडद्यावर ऐकू आला तसाच करावा.

मधुरा (सी-202): माझी अडचण वेगळी आहे. मी सध्या 2016चे पहिले पर्व पाहते आहे. त्याची सुरुवातच अण्णांच्या मृत्यूने होते, 2019चे दुसरे पर्व त्याआधीचा काळ दाखवते आणि 2021च्या तिसऱ्या पर्वात कथा पुन्हा पुढे जाते. आपल्या विकीवर मात्र लेख कथेतील काळानुसार लावलेले असल्यामुळे दुसऱ्या पर्वाचे विश्लेषण आधी समोर येते आणि पहिल्या पर्वातील रहस्याची मजा निघून जाते. जो प्रेक्षक आज मालिका बघायला घेतो, तो प्रसारणाच्या क्रमानेच बघतो, याचा विचार कोणी केला आहे का?

नाईक (ए-404): अण्णा असते, तर सगळी पाने एव्हाना त्यांच्याच नावावर लागली असती!

सानेकाकू (ए-302): नाईक, विषय गंभीर आहे. मधुराचे म्हणणे मला पटते.

निनाद (सी-501): मलाही पटते. एक लेख अनेक वर्गांत, म्हणजे विकीवरच्या विषयवार याद्यांत, ठेवता येत असल्यामुळे पात्र की पर्व, असा वाद घालण्याचे कारणच नाही. ‘पहिले पर्व पाहिलेल्यांसाठी’, ‘दुसऱ्या पर्वापर्यंत’ असे वर्ग करावेत, आणि सत्ता, भय, भाषा असे विषयवार वर्ग शेजारी ठेवावेत. मालिका अंधश्रद्धा पसरवते आणि कोकणाची बदनामी करते, या आक्षेपांवरचा परबकाकांचा लेख घ्या. तो माईंच्या पानावर बसत नाही, पांडूच्याही नाही, कारण तो कोणा एका पात्राविषयी नाहीच.

जोशीसर (बी-104): तो अपवाद झाला. वाचकाला एका पात्राविषयी सर्व काही एकाच पानावर मिळाले पाहिजे.

कुलकर्णीकाका (बी-203): सर, हे आपण सकाळपासून सांगत आहात. आपल्या आग्रहामुळे पानाची लांबी एवढी वाढली आहे की मोबाइलवर शेवटापर्यंत पोहोचण्याआधीच माणूस कंटाळतो.

देसाईसाहेब, सचिव (बी-301): सर्वांना विनंती आहे की व्यक्तिगत बोलणे टाळावे. विश्लेषण स्वतंत्र पानावर राहील, त्याच्या शीर्षकात लेखातील प्रश्न असेल आणि पात्राच्या पानावर त्याचा दुवा दिला जाईल. क्रम प्रसारणाचा राहील. संवाद मूळ मालवणीतच राहतील. निनाद, काकूंचा लेख जुन्या आवृत्तीतून, त्याच्या इतिहासासह परत आण आणि यापुढे कोणतेही पान हलवण्याआधी चर्चा पानावर लिहावे.

जोशीसर (बी-104): निर्णय मान्य आहे. मात्र दुवे पानाच्या तळाशी ढकलू नयेत. ते वरच्या बाजूला, परिचयानंतर लगेच असावेत.

मधुरा (सी-202): वर अवश्य ठेवा, पण मग शीर्षकातूनच रहस्य फुटणार नाही, एवढे पाहा. काकूंच्या लेखाच्या शीर्षकात दुसऱ्या पर्वाचा शेवट आहे.

सानेकाकू (ए-302): शीर्षक मी बदलते. जुन्या नावावरून नव्या पानाकडे नेणारे पुनर्निर्देशन ठेवू नकोस, निनाद, नाहीतर शोधताना तेच पुन्हा दिसेल.