बारा डब्यांचं यान बशीत मावेल असं बांधायचंय, पण गोलच होत नाहीये

कांजूरची_आई:
नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल द्यावी घ्यावी. माझी लेक १० वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत बाबाबरोबर बसून इंटरस्टेलर बघितला, अर्धाअधिक डोक्यावरून गेला (तिच्या एकटीच्याच नाही) पण त्यातलं ते एन्ड्युरन्स नावाचं गोल गोल फिरणारं यान मनात बसलं ते बसलंच. तिनेच मोजून सांगितलं, आई त्याला १२ डबे आहेत, आपल्या लोकलसारखे, फक्त लोकल धरून वाकवलीय आणि इंजिनाला गार्डचा डबा चिकटवलाय. झालं, तेव्हापासून घरात हाच उद्योग.

घर आमचं वन आरके, शोकेसमध्ये देवाच्या फोटोशेजारी एका बशीएवढी जागा आहे, तेवढ्यातच बसवायचंय. लेगोचे तीनचार जुने सेट एका बरणीत एकत्र झालेत, त्यातल्या बिजागऱ्या, त्या टक टक आवाज करत वळतात त्या, तेवढ्या सगळ्या शोधून १२ डबे जोडले. पण पहिला आणि शेवटचा काही केल्या जुळत नाहीत. जोर लावला की करंजी होते, सोडलं की अंडं. काल शेजारच्या काकूंना दाखवायला म्हणून उचललं आणि सगळा फराळ फरशीवर. एक तुकडा अजून फ्रिजखाली आहे. लेक माझ्याशी बोलत नाहीये, बाबाशी बोलतेय, ज्याने एक तुकडा जोडला नाही.

तर हे गोल कसं करायचं, आणि उचललं तरी मोडणार नाही असं काही करता येईल का? नवीन तुकडे आणायची तयारी आहे, पण बजेट हजाराच्या आत, कारण जूनमध्ये शाळेची वह्यापुस्तकं आहेत.

चौदा_प्लेट:
ताई, चूक तुमची नाही, बिजागरीची आहे. त्या टकटकवाल्या बिजागऱ्या २२.५ अंशांच्या टप्प्यानेच अडकतात, म्हणजे पूर्ण गोलाला १६ टप्पे. तुम्हाला डबे हवेत १२, म्हणजे दर सांध्याला ३० अंश, आणि ३० वर ती थांबणारच नाही, २२.५ झालं की पुढचं स्टेशन थेट ४५. १६ डबे लावले असते तर मस्त गोल झालं असतं, पण १६ डब्यांची लोकल तर रेल्वेनेसुद्धा काढलेली नाही अजून.

उपाय, क्लिप आणि दांडी. १x१ ची (एका स्टडची) क्लिपवाली प्लेट, म्हणजे विटेपेक्षा चपटा तुकडा, १२, १x१ ची दांडीवाली प्लेट १२, आणि त्या दोघींना वरून जोडायला साधी १x२ प्लेट १२. म्हणजे एका डब्याच्या एका टोकाला क्लिप, दुसऱ्या टोकाला दांडी, आणि पुढच्या डब्याची क्लिप ह्याची दांडी पकडते, लोकलच्या कपलिंगसारखी. हा सांधा कुठल्याही कोनात वळतो, त्यामुळे बारावा डबा पहिल्याला लावलात की ३० अंश आपोआप वाटले जातात. स्टड (ते वरचे गोल गुंडे) बाहेरच्या बाजूला ठेवा, बांगडीवरच्या नक्षीसारखे.

आता माप. लेगोत स्टडपासून स्टड ८ मिमी, प्लेटची उंची ३.२, विटेची ९.६. एका दांडीच्या मध्यापासून पुढच्या दांडीच्या मध्यापर्यंत २४ मिमी धरलं तर पूर्ण गोल साधारण ९.३ सेंटीमीटर, म्हणजे चहाच्या बशीत आरामात. आणि गंमत बघा, मधल्या केंद्रापासून डब्याच्या मध्यापर्यंत अंतर येतं ४४.८ मिमी, म्हणजे बरोब्बर १४ प्लेट! हे सापडलं तेव्हा रात्री दीड वाजता मी बायकोला उठवून सांगितलं होतं. तेव्हापासून हे युजरनेम. तर मधून चार आरे काढा, १४ प्लेटचा एकेक, विषय संपला.

परळ_फिटर:
विषय संपला नाही. रेल्वेच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली मी, निवृत्त झाल्यावर नातवाच्या नादाने ह्या विटांकडे वळलो, तेव्हा लहान तोंडी मोठा घास म्हणणार नाही कोणी. चौदा_प्लेट, तुमची त्रिकोणमिती बरोबर पण जॉब चुकला. ४४.८ हे केंद्रबिंदूपासूनचं माप झालं. आरा केंद्रबिंदूतून उगवत नाही, मधल्या ठोकळ्याच्या अंगातून निघतो. आणि दांडी बसते प्लेटच्या जाडीच्या साधारण मध्यावर, म्हणजे आऱ्याला आतली अर्धी प्लेट सोडून अलीकडेच थांबायचंय. १४ प्लेटचा आरा घातलात तर मुलीची बांगडी फुटेल.

ताई, असं करा. शेजारशेजारच्या दोन बाजूंना स्टड असलेली १x१ वीट मिळते, तसल्या ४ घ्या, चौकोनात उभ्या करा, स्टड बाहेर, वरून खालून २x२ ची प्लेट दाबा. झाला मधला ठोकळा, चारही बाजूंना दोन दोन स्टड. त्याची अर्धी रुंदी ८ मिमी. आता ४४.८ मधून ८ गेले आणि अर्ध्या प्लेटचे १.६ गेले, उरले ३५.२. भागिले ३.२, आल्या ११ प्लेट. ११ एकावर एक रचू नका, डुगडुगतात. १x२ च्या ३ विटा आणि २ प्लेट, तेच माप, सरळ आणि घट्ट. असे ४ आरे, दर तिसऱ्या डब्याला एक, १२ ला ४ ने भाग जातो म्हणून काटकोन आपोआप येतो. पण आधी दोन डबे जोडून मुलीच्या कंपासमधल्या पट्टीने ते २४ मोजून बघा, डोळे झाकून माझ्यावर जाऊ नका.

मोडत का होतं तेही सांगतो. १२ सांध्यांची माळ म्हणजे नुसती साखळी, ती कधीच ताठ राहत नाही, चौकोनी खाटेची दोरी काढली तर खाट तिरकी होते तसं. आरे बसले की ताठ होईल, तोवर उचलायचं नाही. चहापावडरच्या डब्याचं झाकण घ्या, ज्याच्यात बांगडी स्टडसकट जेमतेम बसेल असं, आणि ते आत ठेवूनच आरे घाला, भिंत धरून ठेवेल. समोरासमोरचे आधी, मग आडवे.

चौदा_प्लेट:
काका, मान्य. कागदावरच केलं होतं मी ते, हात लावून नाही. युजरनेम बदलून अकरा_प्लेट मागतो अॅडमिनकडे.

पांढराच_तुकडा:
गणित झालं असेल तर दिसण्यावर बोलू का? एवढ्या लहान मापात सगळं दाखवायला गेलात की यान दिसत नाही, फराळाचं ताट दिसतं. हात आखडता घ्यायचा. आपल्याकडे दिवाळीत पोरं किल्ला करतात ना, मातीचा ढीग, वर एक बुरुज, पायथ्याशी अळीव पेरलेलं, आणि लांबून बघणारा म्हणतो हा प्रतापगड. दगड कोणी मोजत नाही. तसंच इथे, गोल, १२ तुकडे, मध्ये फुली, एवढं दिसलं की ज्याने पिक्चर बघितलाय तो ओळखतो. बाकी डब्यांवर काय काय आहे त्यातलं फार तर एक घ्या. सिनेमात सगळे डबे एकसारखे नाहीत, म्हणून मी दर तिसरा डबा जरा जाड केला होता, एक जास्तीची प्लेट आणि वर जाळीची टाइल, बास. बाकी आठांवर गुळगुळीत टाइल, स्टड अजिबात दिसू द्यायचे नाहीत. बारीकसारीक खुडबूड खूप आवडत असेल तर त्यालाही परंपरा आहे म्हणा, १९७७ च्या स्टार वॉर्समधल्या यानांवर मॉडेलवाल्यांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटचे सुटे भाग चिकटवले होते. पण त्यांची मॉडेलं हातभर लांब, आपलं बशीएवढं. आणि एन्ड्युरन्ससुद्धा नुसतं कॉम्प्युटरवर केलेलं नाही हां, खरं मिनिएचर बांधून शूट केलंय. लेकीला हे सांगा, चेहरा बघा.

आणखी एक, पांढरे तुकडे खिडकीत ठेवू नका. उन्हाने हे प्लास्टिक पिवळं पडतं. वन आरके म्हणजे फोडणीची वाफ शोकेसपर्यंत येणारच, धूळ चिकट बसते. मऊ ब्रशने झटका, फारच झालं तर सुटं करून कोमट साबणपाण्यात. कोमट म्हणजे कोमट, ४० डिग्रीच्या वर नाही.

मस्जिदचा_रविवार:
खरेदीचं कोणी बोललंच नाही. परदेशी सेलरकडून सुटे तुकडे मागवायच्या भानगडीत पडू नका ताई, मी पडलो होतो. खेळण्यांवरची ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. माझं साडेआठशेचं पाकीट पाच आठवडे अडकलं, शेवटी तुकड्यांपेक्षा दगदग महाग पडली. तुम्हाला क्लिपा लागतात १२, तेवढ्यासाठी हे नको.

त्यापेक्षा रविवार सोडून (युजरनेमवर जाऊ नका, तो मस्करीत पडला) कुठल्याही दिवशी क्रॉफर्ड मार्केट, तिथून अब्दुल रहमान स्ट्रीट, खेळण्यांच्या गल्ल्या पालथ्या घाला. लहान गाडीचे किंवा रोबोचे सेट बघा, डब्यावरच्या चित्रात हातपाय हलणारा रोबो असेल तर आत क्लिपा-दांड्या हमखास असतात. कॉपी ब्रँड घेणार असाल तर वीट चालते, क्लिप नाही चालत. वीट थोडी सैल असली तरी वजनाने बसते, क्लिप सैल असली की बांगडी पुन्हा अंडं. म्हणून पैसे क्लिपांवर घाला, आऱ्यांच्या विटा बरणीतल्या वापरा.

आणि विकत घ्यायच्या आधी ब्रिकलिंकचं स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, त्यात जोडून बघा. कॉम्प्युटर असेल तर. मोबाइलवर नाही चालत.

कांजूरची_आई:
सगळ्यांचे खूप खूप आभार, उशीर झाला सांगायला, क्लोजिंग चालू होतं ऑफिसात. तर रिपोर्ट. शनिवारी हाफ डेला क्रॉफर्ड मार्केटला गेलो, लेकीशी तह झालाय. रोबोवाली युक्ती लागू पडली, दोन छोटे सेट मिळून ६४० रुपये, त्यात क्लिपा निघाल्या १३, दांड्या ९, उरलेल्या ३ बरणीत सापडल्या, आणि एक फ्रिजखालून, जी आता नको होती. स्टुडिओ आमच्या जुन्या लॅपटॉपवर उघडतानाच लॅपटॉप गरम झाला, बंद केला.

पट्टीने मोजलं, २४ च आलं, फिटर काका. चहापावडरच्या डब्याचं झाकण जरा मोठं झालं, मग पापडाच्या डब्याचं बसलं. बारावी क्लिप लावताना दोघींनी श्वास धरला होता. पहिला आरा घातल्यावर वाटलं लहान पडतोय, पण समोरचा घालून दाबला तेव्हा एकदम टक्क झालं आणि ती सगळी लुळी माळ अशी तटकन ताठ उभी राहिली की लेक किंचाळलीच. उचललं, उलटं केलं, हलवलं, नाही मोडलं. बाबाला बोलावून दाखवलं, बाबा म्हणाला, मी सांगितलंच होतं. काय सांगितलं होतं देव जाणे.

टाइल्स आठच डब्यांवर लावायच्या असं मी म्हटलं, तिने ऐकलं नाही, मधल्या एका डब्याला हिरवी टाइल लावलीय. का म्हणून विचारलं तर म्हणाली हा लेडीज डबा. पांढराच_तुकडा, माफी असावी, ती काढायला तयार नाही.

आता मध्ये ठोकळ्यावर २ रेंजर आणि २ लँडर (सिनेमात मोठ्या यानाला चिकटलेली छोटी यानं) लावायचेत म्हणतेय. लँडरचं जमेल, ठोकळाच आहे तो. पण रेंजर पुढे चपटं आणि टोकदार आहे, आणि जागा फक्त तीन स्टडची. बाणासारखी तिरकी प्लेट त्याहून मोठी येते. काय करू?

परळ_फिटर:
फोटो टाका आधी. हिरवी टाइल तशीच राहू द्या.

चौदा_प्लेट:
रेंजरसाठी चीज स्लोप (१x१ चा छोटा उतरता तुकडा) दोन, शेजारी शेजारी, उतार पुढे, खाली १x२ ची जंपर प्लेट (जिच्यावर मधोमध एकच स्टड असतो ती). आज रात्री करून बघतो आणि उद्या माप टाकतो. ह्या वेळी हात लावून.